दोन लहान मुलांना घेऊन बेटावर सात रात्री: नियोजन कसं करावं?

दोन_पिल्लं

नमस्कार मंडळी. उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर सात रात्रींची सहल ठरवतोय. आम्ही दोघं, मुलगी ५ वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा आणि सोबत सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात). सुट्टी डिसेंबरअखेर मिळेल, नाहीतर मेच्या उत्तरार्धात. यादीत मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, बाली, अंदमान, फुकेत असं सगळंच आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

विचारायचं आहे ते असं: बेट निवडायचं कशावरून? एकच बेट करावं की दोन? पाण्यावरच्या लाकडी खोल्या मुलांसोबत चालतील का? बोट लागण्याचं काय करायचं? आणि ऊन, डास, औषधं यांची तयारी किती करायची?

"छान आहे, जाऊन या" यापेक्षा नेमकं काय बिघडतं आणि का, हे कुणी सांगितलं तर जास्त उपयोग होईल.

भरतीओहोटी

बेटाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी महिना, मग बेटाची कुठली बाजू, मग नाव. लहान मुलांच्या सहलीत नव्वद टक्के वेळ एकाच किनाऱ्यावर जातो. तो किनारा त्या महिन्यात शांत असेल तर सहल जमली, नसेल तर बेट कितीही नावाजलेलं असो, मुलं खोलीत बसून कंटाळणार.

तुमच्या दोन तारखांचा हिशेब मांडू. मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात. अंदमान, मालदीव आणि फुकेत इथे त्या काळात पाऊस तर असतोच, पण खरी अडचण लाटांची असते. फुकेतचे प्रसिद्ध किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथे तेव्हा लाल बावटे लागतात. बालीत त्याच वेळी कोरडा हंगाम सुरू झालेला असतो.

डिसेंबरअखेर चित्र उलटं. मालदीव, अंदमान, फुकेत चांगले, बाली पावसात. मॉरिशस त्या वेळी गरम, दमट आणि चक्रीवादळांच्या हंगामात (नोव्हेंबर ते एप्रिल) असतं. वादळ येईलच असं नाही, पण तिकीट बदलण्याची सोय असलेलंच काढावं. सेशेल्सची मुख्य बेटं वादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत, मात्र डिसेंबर-जानेवारी हे तिथले सर्वात जास्त पावसाचे महिने. एकाच देशातसुद्धा फरक असतो. फुकेतला नोव्हेंबरात उघडीप होत असते तेव्हा पलीकडच्या, थायलंडच्याच आखातातल्या सामुई बेटाला धो धो पाऊस चालू असतो. पुढेमागे कॅरिबियनचा विचार केलात तर तिथला वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर.

आता बाजू. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि किनाऱ्यापासून लांब पांढऱ्या फेसाची रेघ दिसते का बघा. ती म्हणजे प्रवाळाची कड. लाटा तिथे फुटतात आणि आतलं फिकट निळं पाणी शांत राहतं. १४ महिन्यांच्या बाळाला तेच हवं. पण त्या रेघेत कुठे गडद निळी फट असेल तर तिच्यापासून लांबचं हॉटेल घ्या. कडेवरून आत आलेलं सगळं पाणी परत जायला तीच वाट असते, ओहोटीला तिथे ओढ जबरदस्त असते. वरून पाणी सपाट दिसतं, म्हणून लोक नेमके तिथेच मुलांना उतरवतात.

भरती-ओहोटीचं कोष्टक तारखा पक्क्या करण्याआधी बघा. दिवसातून दोनदा भरती येते अशा ठिकाणी वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. पोचलात त्या दिवशी सकाळी आठला भरती असेल, तर निघायच्या दिवशी आठला ओहोटी. उथळ खाजणात (म्हणजे प्रवाळाच्या कडेच्या आतल्या पाण्यात) ओहोटीला पाणी घोट्याएवढं उरतं, प्रवाळ उघडे पडतात आणि पोहणं बंद. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे अधिकच. त्यामुळे ज्या दिवशी सकाळी पाणी नाही, त्या दिवशीचा बेत आधीच वेगळा ठेवायचा.

नावाडी

वरचं सगळं पटलं. त्यात शेवटच्या टप्प्याची भर घालतो, कारण बहुतेक कुटुंबांचा पहिला दिवस तिथेच वाया जातो.

मोठं विमान उतरल्यावर पुढे काय आहे ते विचारा. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर त्या दिवशी पुढे जाता येत नाही आणि विमानतळाजवळ रात्र काढावी लागते. हॉटेलला थेट विचारायचं: "त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण किंवा बोट पकडायला आम्ही किती वाजेपर्यंत उतरलेलं असायला हवं?" त्या वेळेच्या आधी तीन तास हातात राहतील असं तिकीट काढा. छोट्या विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. मोठ्या विमानाच्या मापाने भरलेल्या बॅगा तिथे अडकतात.

परतीचं आणखी कडक. समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि त्याची भरपाई विमान कंपनी देत नाही. शेवटची रात्र विमानतळ असलेल्या बेटावर काढा.

बोटीत जागा कुठली, हे फार महत्त्वाचं. मोठ्या फेरीत मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वात कमी. स्पीडबोटीत मागे. पुढची बाजू लाटेवर आपटते, तो दणका बाळाच्या मानेला आणि सासूबाईंच्या कमरेला झेपणार नाही. शक्यतो सकाळची बोट घ्या, दुपारी वारा वाढत जातो. धक्का आहे की गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, हेही आधीच विचारून ठेवा. दुखऱ्या गुडघ्यांना हलत्या शिडीवरून वाळूत उडी मारणं अवघड.

बोट लागण्याबद्दल: दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, दोन ते बारा हा त्रासाचा वयोगट. म्हणजे काळजी मुलीची. निघण्यापूर्वी तासभर हलकं, कोरडं खाणं, रिकामं पोट नको आणि भरलेलंही नको. नजर क्षितिजावर. हातात मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक दिलंत तर दहा मिनिटांत उलटी. औषध बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. ते प्रवासाआधी अर्धा ते एक तास द्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. प्रोमेथाझिन (उलटी थांबवणारं, झोप आणणारं औषध) दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नाही.

लाइफ जॅकेट बांधल्यावर खांद्यांजवळ धरून वर उचलून बघा. हनुवटी किंवा कान आत गेले तर ते मोठं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा आणि डोक्यामागे कॉलर हवीच. बोटीवर बाळाच्या मापाचं जॅकेट मिळेल यावर विसंबू नका, वजन कळवून लेखी विचारा.

दोन बेटं? सात रात्रींत नको. सामान बांधणं, अकराला खोली सोडणं, तीनला नवी मिळणं आणि मधे बाळाची दुपारची झोप. एक बदल म्हणजे एक दिवस गेला.

दोन_पिल्लं

भरतीओहोटी, नावाडी, खूप आभार. कोष्टकाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. डिसेंबरअखेर आणि एकच बेट, इथवर आलो. पाण्यावरच्या खोल्यांबद्दल कुणी सांगेल का? फोटो बघून घरात दोन तट पडलेत.

झोपमोड

चालत्या बाळासोबत नको. कडेला बरेचदा कठडा नसतो, थेट पाण्यात उतरणारी शिडी असते आणि दार सरकतं, म्हणजे बाळालाही उघडता येतं. अनेक रिसॉर्ट ठराविक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवतच नाहीत. जे ठेवतात ते जबाबदारी तुमची असं लिहून घेतात, यातच काय ते समजा. रात्री एकाने जागं राहावं लागणार असेल तर ती सुट्टी कसली.

तळमजल्यावरची, वाळूकडे उघडणारी खोली घ्या. आरक्षणाआधी ईमेलने विचारायचे प्रश्न: दारापासून पाणी किंवा तलाव किती पावलांवर? तलावाला आपोआप बंद होणारं फाटक आहे का? गॅलरीच्या गजांमधलं अंतर किती? (१० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.) पाळणा मिळेल का आणि त्यात गादी घट्ट बसते का? छोटा फ्रिज खरंच थंड होतो का? बऱ्याच खोल्यांतले फ्रिज फक्त गार ठेवतात आणि कार्ड काढलं की बंद पडतात. दूध किंवा औषध त्यात ठेवणार असाल तर हे विचाराच. सासूबाईंची खोली शेजारची आणि पायऱ्यांशिवाय हवी, हेही त्याच ईमेलमध्ये लिहा.

दिवसाची आखणी उन्हावरून करा. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण सहाला उगवतो, सहाला मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. सात ते साडेनऊ समुद्र, मग अंघोळ, खाणं, झोप. चारनंतर पुन्हा बाहेर. दुपारचा वेळ मोकळा ठेवा. त्यात "एवढं आलोय तर" म्हणून एखादी सफर घुसवली की संध्याकाळी दोन्ही मुलं रडणार.

आणि हो, बाबागाडी वाळूत चालत नाही. पाठीवरची किंवा पोटावरची झोळी घ्या. नेहमीचे डायपर पाण्यात फुगून दगड होतात, पोहण्याचे वेगळे मिळतात. पण ते लघवी अडवत नाहीत, त्यामुळे ते घालून बाळाला मांडीवर घेताना विचार करा.

औषधपेटी

मी उन्हापासून सुरू करते. इथे सगळेजण क्रीम आणतात आणि अपुरं लावतात. पाच वर्षांच्या मुलीला अंगभर नीट लावायचं तर एका वेळेला साधारण १५ ग्रॅम लागतं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. म्हणजे १०० मिलीची बाटली दोन-तीन दिवसांत संपायला हवी. आठवडाभर पुरली तर समजा लावलंच नाही. यावर उपाय म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा (यूपीएफ ५०, म्हणजे कापड किती ऊन अडवतं त्याचं माप) आणि मानेवर पडदा असलेली टोपी. मग फक्त चेहरा, हात, पाय उरतात आणि क्रीम निम्म्याहून कमी लागतं. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं), लहान मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं बरं. कानाच्या पाळ्या आणि पावलांची वरची बाजू हमखास विसरली जाते. हवाई आणि पलाऊसारख्या काही ठिकाणी प्रवाळांना घातक ठरवलेल्या घटकांची क्रीम विकायला बंदी आहे, त्यामुळे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलंच घ्या.

सावलीवर पूर्ण भरवसा नको. पांढरी वाळू आणि पाणी दोन्हीकडून ऊन परतून येतं. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर मुलांना आत घ्या.

डास. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणजे नेमक्या तुमच्या समुद्राच्या वेळेत. दोन महिन्यांवरील मुलांना डास पळवणाऱ्या क्रीममध्ये (रिपेलंट) ३० टक्क्यांपर्यंत डीट किंवा २० टक्के पिकारिडिन हा घटक चालतो. लेमन युकॅलिप्टस तेलाचं रिपेलंट तीन वर्षांखाली नको, "नैसर्गिक" लिहिलेलं असलं तरी. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर रिपेलंट. दोन्ही एकत्र असलेलं घेऊ नका. सनस्क्रीन सारखं लावायचं असतं, रिपेलंट नाही. बाळाच्या हाताला लावू नका, ते तोंडात जातं. पाळण्यावर मच्छरदाणी हवी.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. मात्रा वयावर नाही, वजनावर: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोटाळा होतो तो बाटलीत. समजा बाळ १० किलोचं आहे. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ४ ते ६ मिली. पण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर फक्त १ ते दीड मिली. थेंबांची बाटली घेऊन सिरपच्या सवयीने ५ मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम एका दमात जातात. निघण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये लिहून घ्या आणि बाटलीवरच चिकटवा.

जुलाब. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकू नका. घट्ट झालं तर क्षार वाढून नुकसान, पातळ झालं तर उपयोग नाही. प्रत्येक जुलाबानंतर बाळाला ५० ते १०० मिली, मुलीला १०० ते २००. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा. कालवलेलं २४ तासांनी फेकायचं. फळांचे डबाबंद रस आणि शीतपेयं नकोत, जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, शौचात रक्त किंवा मूल मलूल पडलंय, तर वाट बघू नका.

यासाठीच आधी विचारून ठेवा: बालरोगतज्ज्ञ असलेलं जवळचं रुग्णालय कुठल्या बेटावर आहे आणि रात्री तिथे जायला बोट मिळते का. विम्यात वैद्यकीय स्थलांतराचा खर्च आहे का हेही बघा. बालरोगतज्ज्ञांकडे चार ते सहा आठवडे आधी जा, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि इतर लशींना वेळ लागतो.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं सांगा. आणि डेंग्यूत ताप उतरल्यावर सगळं संपलं असं समजू नका. पोटदुखी, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं बहुधा ताप उतरतानाच दिसू लागतात.

निळाई

उत्तम माहिती. जेलीफिश चावला तर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, एवढं फक्त राहिलं.

शंखशिंपले

निळाई, गोडं पाणी नको. त्वचेवर चिकटलेल्या धाग्यांमधल्या न फुटलेल्या डंखपेशी गोड्या पाण्याने फुटतात आणि विष आणखी शिरतं. वाळूने चोळणंही तसंच, आणि लघवीचा उपाय निव्वळ भाकड. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत) २० मिनिटं. पाणी आधी मोठ्या माणसाच्या हातावर तपासा, लहान मुलं भाजतात. बॉक्स जेलीफिश असलेल्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. तिथे आधी अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं. निळ्या फुग्यासारख्या ब्लूबॉटलला मात्र व्हिनेगर नको. श्वासाला त्रास किंवा छातीत दुखणं असलं तर हे सगळं सोडून मदत बोलवा.

किनाऱ्यावरचे तीन धोके मुलांच्या उंचीवरचे आहेत. एक, शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या या कोनशंखात जिवंत प्राणी असेल तर तो विषारी काटा मारतो आणि त्यावर उतारा नाही. मुलीला सांगा, शंख बघायचा, उचलायचा नाही. दोन, दगडमासा आणि समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी काळे गोळे. उथळ पाण्यात जाड तळव्याचे पाण्याचे बूट घालूनच उतरायचं. दगडमाशाचा काटा टोचला तर गरम पाण्यात बुडवून थेट रुग्णालय. तीन, नारळाच्या झाडाखाली चटई टाकणं. सावली मिळते, पण नारळ सांगून पडत नाही.

प्रवाळाने खरचटलं तर जखम किरकोळ दिसते, पण बारीक कण आत राहून चिघळते. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, घासून कण काढा, पुढचे दोन दिवस समुद्र बंद.

मोठे प्रवाळमासे, विशेषतः बॅराकुडा आणि मोठे ग्रुपर, मुलांना देऊ नका. त्यांच्यात सिग्वाटेरा विष साठू शकतं. ते शिजवून जात नाही आणि चवीवरून कळतही नाही.

बुडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. म्हणून चार मोठी माणसं किनाऱ्यावर असणं म्हणजे कुणीच बघत नसणं. एकाचं नाव घेऊन पाळी लावा, वीस मिनिटांची. पाळीवाल्याच्या हातात मोबाइल नाही आणि बाळ हाताच्या अंतरावर. दंडावरच्या हवेच्या फुग्यांना सुरक्षेचं साधन समजू नका, ते निसटतात.

दोन_पिल्लं

सगळं वहीत उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न: मुलीला मासे बघायला मास्क हवाय. पूर्ण चेहऱ्याचा घेऊ का? तो घालायला सोपा वाटतो.

शंखशिंपले

पूर्ण चेहऱ्याचा नको. लहान मुलाचा श्वास छोटा असतो आणि मास्कमधली जागा मोठी, त्यामुळे सोडलेलीच हवा परत आत जाते. शिवाय घाबरल्यावर तो पटकन काढता येत नाही. डोळे-नाक झाकणारा, मऊ सिलिकॉनचा, मुलांच्या मापाचा घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायला सांगा, हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट कडेखाली आली तर पाणी शिरणारच. नळी पहिले दोन दिवस बाजूला ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसता चेहरा बुडवू दे, मासे तेवढ्यातही दिसतात.

नावाडी

मास्क इथूनच घेऊन जा. बेटावर भाड्याने मिळतात ते मोठ्यांच्या मापाचे असतात, आणि काच नवी असेल तर आतून सौम्य टूथपेस्टने दोनदा घासून धुवा, नाहीतर सारखी धुरकट होते.

दोन_पिल्लं

आभार. हॉटेलला ईमेल आजच पाठवते, झोपमोड यांचे प्रश्न जसेच्या तसे.